थ ओळीतली सोळावी खुर्ची

रविवार, २ मार्च

काल एकविसावं प्रकरण वाचलं. एक तास पाच मिनिटं. श्रोते एकाहत्तर, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा दोन जास्त. त्यातले दोघे छताच्या दुरुस्तीचे होते आणि विसरलेली शिडी न्यायला आले होते, पण शेवटपर्यंत बसले, तेव्हा धरायला हरकत नाही.

वाचन संपल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे भला माणूस, कुणाचं मन म्हणून मोडणार नाही. बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "कसं आहे, तुमचं वाचन उत्तमच असतं. फक्त मागे, काय होतं, नीट ऐकू येत नाही. लोकांचा तसा सूर आहे." शिवाय शनिवारची संध्याकाळची वेळ एका नृत्यवर्गाने मागितली आहे. बारा एप्रिलपर्यंतची तीन वाचनं होतील, मग प्रतिसाद पाहून समिती काय ते ठरवेल.

मी म्हटलं, एवढंच ना? ऐकू येत नाही हा तांत्रिक दोष झाला, आणि तांत्रिक दोष काढण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. पाणीपुरवठ्यात गळती शोधण्याचं काम होतं माझं. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर ठेवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि रस्त्याच्या पोटात पाणी कुठे निसटतंय ते सांगायचं. माझ्यासारखा कान खात्यात दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, वरिष्ठांनी लिहून दिलंय. त्याच आठवणी चोवीस प्रकरणांत लिहून मी गेलं वर्षभर एकाआड एक शनिवारी वाचतो आहे.

अध्यक्ष म्हणाले, "तांत्रिकच म्हणा ना," आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

घरी येताना हिला विचारलं, कसं झालं? "आवाज छान होता," म्हणाली. दर वेळी हेच म्हणते. एकही वाचन चुकवलेलं नाही तिने, पण अभिप्राय देण्यात कच्ची आहे.

गुरुवार, ६ मार्च

मंडळाच्या सामानखोलीत चार स्पीकर सापडले. मंडळाचा वाद्यवृंद भांडणं होऊन बंद पडला, तेव्हापासून धूळ खात होते. सभागृहाचा रखवालदार, ज्याला सगळे किल्लीवाला म्हणतात, त्याला घेऊन दिवसभरात चारही खांबांवर चढवले.

माझा विचार साधा आहे. सभागृह लांबट, क पासून प पर्यंत (ङ, ञ, ण सोडून) अठरा ओळी, प्रत्येकीत सोळा खुर्च्या. आजवर फक्त मंचाच्या दोन बाजूंना दोन उंच स्पीकर होते. लांबच्या घरांना पाणी कमी दाबाने मिळतं तेव्हा आपण वाटेत पंप बसवतो. आवाजाला वेगळा नियम कशाला असेल?

चाचणी घेतली. मी मंचावरून एक, दोन, तीन म्हणत होतो, किल्लीवाला शेवटच्या ओळीत उभा होता.

"येतंय का ऐकू?"

"येतंय की साहेब. दोनदा येतंय."

"उत्तम."

"तसं नव्हे. तुम्ही एक म्हणता तो इथे येतो, मग तिकडून दुसरा एक येतो, आणि तोवर तुमचा दोन येऊन त्याच्या अंगावर पडतो."

मी त्याला म्हटलं, आधी एकदाही येत नव्हतं, आता दोनदा येतंय, तर तक्रार कसली करतोस? अडाणी माणसाला प्रगती चटकन पचत नाही.

रविवार, १६ मार्च

बाविसावं प्रकरण. सुरुवातीला माइकने शिट्टी मारली. मी आवाज कमी केला, शिट्टी थांबली, वाढवला, पुन्हा मारली. पहिली वीस मिनिटं आम्हा दोघांत असाच लपंडाव चालला होता. पुढे शिट्टी नव्हती, पण माझंच वाक्य मागून माझ्याकडे परत येत होतं आणि मी त्याला वाट देण्यासाठी थांबत होतो. प्रकरण पाऊण तासाचं होतं, सव्वा तास चाललं.

श्रोते चौसष्ट. मागच्या ओळी मात्र गच्च भरलेल्या आणि चेहरे समाधानी. एक बाई विणकाम करत होत्या. दोन निवृत्त मास्तर मध्येच इतके रंगले की त्यांच्यात काहीतरी वादही झाला. ऐकू येत नसताना लोक एवढे रमतात, तर ऐकू आल्यावर काय होईल, या विचाराने मला हुरूप आला.

हिचं मत, "आवाज छान होता." शिट्टीसकट छान होता का, असं विचारणार होतो, पण ही गुडघा चोळत होती. गुडघ्यामुळेच बिचारी कडेची खुर्ची धरून बसते. पहिल्या वाचनाला पहिल्या ओळीत होती, दुसऱ्यापासून थ ओळीत, खांबामागे, शेवटची खुर्ची. तिथे पाय लांब करता येतो म्हणाली होती.

लेकीला फोन केला. ती नाटकांच्या प्रयोगांना साउंड सांभाळते. म्हणजे आपलंच रक्त, आपलाच कान. शनिवारी येते म्हणाली.

शनिवार, २२ मार्च

लेक सकाळी नऊला लॅपटॉप आणि मापाचा माइक घेऊन आली. खांबांवरचे स्पीकर पाहून तिने कपाळाला हात लावला, पण बोलली नाही. हा समंजसपणा आईकडून आला आहे.

मग तिने मला समजावलं. वायरीतून आवाज क्षणात पोचतो, हवेतून रमतगमत येतो. म्हणजे मागे बसलेल्याला खांबावरचा स्पीकर आधी बोलतो आणि मंचावरचा आवाज नंतर गाठतो. म्हणून जवळच्या स्पीकरला थांबवून ठेवायचं. समोरचा आवाज येऊ द्यायचा आणि मग याने तोंड उघडायचं.

"किती थांबवायचं?"

"थ ओळीला पन्नास मिलिसेकंद. वर आणखी थोडे."

"वर कशाला?"

"म्हणजे माणसाला वाटतं की आवाज तुमच्याच तोंडून येतोय. स्पीकर कानाशी असला तरी लक्षात येत नाही. जो आधी पोचतो, कान त्याचं मानतो, बाबा."

मला हे पटलं. खरं तर मी हेच म्हणत होतो, फक्त आकडे नव्हते.

दिवसभर आम्ही खुर्ची खुर्ची मोजली. नळ पूर्ण सोडल्यासारखा आवाज ती स्पीकरमधून सोडायची आणि मी माइक घेऊन एकेका खुर्चीत बसायचो. दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा बसलो नि उठलो. कुठे आवाज फुगायचा, कुठे दबायचा, पण थ ओळीतल्या सोळाव्या खुर्चीवर पडद्यावरची रेघ करवतीसारखी झाली. मग लेक मंचावर जाऊन माझ्याच वहीतलं एक पान वाचायला लागली. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. भिंतीपलीकडे शेजारी बोलतात ना, तसं. माणूस कोण ते कळतं, बोलतोय काय ते नाही. समोरचा आवाज खांबाने अडवलेला, मागच्या भिंतीवरून परत येणारा गढूळ, त्यात माझ्या नव्या स्पीकरची भर. लेक म्हणाली की ही खुर्ची माझे स्पीकर लागायच्या आधीपासूनच वाया गेलेली असणार.

मी एकदम म्हणालो, "अगं, इथे तर तुझी आई बसते."

"माहितीये."

"म्हणजे वर्षभर तिला एक शब्द कळलेला नाही. आणि बोलली नाही कधी."

लेक वायर गुंडाळत होती. वायर गुंडाळून झाली तरी गुंडाळत होती. म्हणाली, "बाबा, बाकीचं सगळं नीट करते मी. ही एक खुर्ची राहू दे."

"दोनशे सत्त्याऐंशी नीट आणि नेमकी आईची बिघडलेली? आळस करू नकोस."

"मग आईला विचारा आधी."

"विचारायचं काय त्यात? पुढच्या शनिवारी एकदम ऐकू येईल, केवढा आनंद होईल तिला. सांगू मात्र नकोस."

थ-सोळासाठी आम्ही पाचवा, छोटासा स्पीकर खास खांबाच्या मागे लावला. तिच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर. वर्षभराचं देणं फिटल्यासारखं वाटलं मला.

शुक्रवार, २८ मार्च

उद्या तेविसावं प्रकरण, माझं सगळ्यात लाडकं. यात लेकीच्या जन्माची गंमत आहे. हिच्यासमोर पहिल्यांदाच वाचणार असं म्हणायला हरकत नाही, कारण आधीचं काही तिला ऐकूच आलेलं नाही. दोनदा मोठ्याने वाचून सराव केला, ही भाजी आणायला गेली असताना.

रविवार, ३० मार्च

काय लिहावं कळत नाही. म्हणजे यश मिळालं. तरी नोंद नीट करतो.

आवाज अप्रतिम. क ओळीत जसा तसाच प ओळीत. मी कुजबुजलो तरी शेवटच्या माणसाने मान वळवली. मागच्या ओळींतली कुजबुज पहिल्या पाच मिनिटांत बंद झाली. विणकामवाल्या बाईंनी काही वेळाने सुया पिशवीत टाकल्या आणि निघून गेल्या. मागोमाग दोन्ही मास्तर. अर्ध्या तासात एकोणीस जण गेले. नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, असं दिसतंय.

राहिले त्यांनी मात्र मनापासून ऐकलं. गंमत अशी होती. लेकीच्या जन्माला अजून तीन आठवडे अवकाश होता, त्यामुळे मी निर्धास्तपणे सकाळी सहालाच कामावर गेलो. मोठी गळती, चार दिवस सापडत नव्हती. वास घेत घेत, म्हणजे ऐकत ऐकत, प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत आलो. सळई कानाला लावली, तर वरच्या मजल्यावरून बायकांचा आरडाओरडा. पाण्याची नुसती कुजबुज असते, ती ऐकायची कशी? मदतनिसाला वर पिटाळलं, म्हटलं नर्सला सांग, खाली साहेब पाइप ऐकताहेत, बायकांना जरा गप्प करा. आणि खरोखर गप्प झाल्या. पाच मिनिटांत गळती माझ्या पायाखाली सापडली. मग दुपारी मदतनीस धावत येतो आणि काय सांगतो, साहेब, पेढे काढा, वर तुमच्याच घरचा पाळणा हलला. शेजारणीने हिला सकाळीच तिथे आणलं होतं आणि मी चाळीस पावलांवर असून मला पत्ता नाही.

लोक खळखळून हसले. या वाचनमालेतलं पहिलं मोठं हसू. मी कौतुकाने थ-सोळाकडे पाहिलं. ही उभी राहिली होती. पर्स उचलली, बाजूच्या दाराने बाहेर गेली. दार हळू लावलं, तेवढा शिष्टाचार आहे तिच्यात.

मला वाटतं पाचवा स्पीकर कानाच्या फार जवळ झाला. दोन डेसिबल कमी करायला हवेत.

घरी आलो तेव्हा गॅससमोर उभी होती. विचारलं, कसं झालं? "ऐकू आलं," म्हणाली.

मंगळवार, १ एप्रिल

बोलत नाही असं नाही. चहा झालाय, टॉवेल वाळत घातलाय, दूधवाला उद्या येणार नाही, हे सगळं सांगते. पण तेवढंच. दुपारी मी खोकलो तर पाणी आणून ठेवलं आणि निघून गेली. चांगलं भांडली असती तर बरं झालं असतं.

बारा तारखेच्या वाचनाचं विचारलं, शेवटचं आहे, येणार ना? "बघू." पस्तीस वर्षांत हिच्या 'बघू'चा अर्थ मला लागलेला नाही.

लेकीला फोन केला, पाचवा स्पीकर कमी करायचा म्हणून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "स्पीकरचा काही दोष नाही, बाबा. त्या बायका गप्प झाल्या असं तुम्ही वाचलंत ना? त्या कशा गप्प झाल्या, ते कधी विचारलंत?"

"कुणाला विचारणार? कोण बायका, आता कुठे सापडणार?"

तिने फोन ठेवून दिला. आणि मग, फोन कानालाच असताना, मला कळलं. त्या बायकांतली एक घरातच होती.

गुरुवार, ३ एप्रिल

आज विचारलं. ही शेंगा सोलत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, त्या दिवशीचं तू सांग. सुरुवातीला म्हणाली, आता काय त्याचं. गळती शोधताना करतो तसा नुसता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने बोलायला लागली.

बुधवार होता. सकाळपासून कळा येत होत्या. खोलीत आणखी दोघी होत्या, पण ओरडत होती ती हीच. नर्स आली आणि म्हणाली, खाली पाण्याचे साहेब पाइप ऐकताहेत, आवाज करू नका. हिने विचारलं, कोण साहेब? नर्सने खिडकीतून पाहून सांगितलं, उंच आहेत, निळा मफलर आहे, जमिनीला कान लावल्यासारखे वाकलेत. मफलर हिनेच विणलेला होता.

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही ऐकत होतात ना," ती म्हणाली. "चार दिवस गळती सापडत नव्हती, जेवत नव्हतात नीट. म्हटलं सापडू दे."

चादरीचं टोक दातांत धरून गप्प राहिली. तासभर. लेक झाली तेव्हाही.

"आणि तुम्ही वर आलात, तेव्हा पहिला शब्द काय बोललात, आठवतंय?"

आठवत नव्हतं.

"सापडली, म्हणालात. गळती. पाळणा तुमच्या उजव्या हाताला होता."

माझी मान वर होईना. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. ही कथा मी किती घरांत, किती चहांवर सांगितली असेल. दर वेळी ही खोलीतून काहीतरी आणायला उठायची, हे आज आठवतंय.

मग विचारलं, ती खुर्ची? म्हणजे तुला ठाऊक होतं तिथे ऐकू येत नाही?

"येतं की. तुमचा आवाज येतो." शेंगांची सालं गोळा करत म्हणाली, "तुमचा आवाज मला आवडतो. लग्न ठरायच्या आधी तुम्ही आमच्याकडे येऊन वडिलांशी बोलत होतात, मी आत होते, तेव्हापासून. त्या खुर्चीत तेवढाच येतो."

बुधवार, ९ एप्रिल

लेकीला बोलावून सांगितलं, थ-सोळा पुन्हा बिघडव.

ती हसली. "माझ्या धंद्यात असं काम आजवर कुणी सांगितलेलं नाही." पण लॅपटॉप उघडला. पाचवा स्पीकर उतरवला, खांबावरच्याचं थांबणं काढून टाकलं, आणखी काहीतरी केलं. म्हणाली, "एकटी खुर्ची नाही बिघडवता येत. आजूबाजूच्या पाचसहा जातील."

"जाऊ देत."

मी स्वतः बसून पाहिलं. ती वाचत होती, मला एक शब्द कळत नव्हता. पसंत आहे म्हटलं.

चोविसावं प्रकरण म्हणजे आभार आणि समारोप. ते बाजूला ठेवलं. तेविसावं पुन्हा लिहिलं, हिने सांगितलं तसं. रात्री जेवताना विचारलं, हे वाचलं तर चालेल का? तुझी खुर्ची पहिल्यासारखी केली आहे, तुला ऐकावं लागणार नाही.

"बघू," म्हणाली.

रविवार, १३ एप्रिल

श्रोते सव्वीस. विणकामवाल्या बाई नाहीत, मास्तर नाहीत. अध्यक्ष उशिरा आले.

ही आली. थ ओळीपाशी थांबली. सोळाव्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, मला वाटलं बसते आता. बसली नाही. गुडघा सांभाळत खाली खाली येत राहिली आणि ग ओळीत, बरोबर माझ्यासमोर बसली. तिथे पाय लांब करायला अजिबात जागा नाही.

मी वाचलं. कुणी हसलं नाही. "सापडली" या शब्दाशी माझा आवाज गेला. सहा स्पीकरांतून आवाज गेलेला सगळ्यांना सारखाच ऐकू आला, लेकीचं काम चोख आहे. ग ओळीकडे पाहायचा धीर झाला नाही, वहीतच पाहत राहिलो.

अध्यक्षांना थ-सोळा सापडली होती. तिथे त्यांना गाढ झोप लागली. उठून माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आज अगदी स्वच्छ ऐकू आलं." शनिवारची वेळ नृत्यवर्गाला द्यायचं ठरलं आहे. वर्गाच्या बाईंनी येऊन स्पीकर पाहिले, फारच खूष आहेत, ते तसेच ठेवा म्हणाल्या. मला मंगळवारी दुपारी वाचनालयाची मागची खोली मिळू शकेल. तिथे बारा खुर्च्या आहेत.

आम्ही दोघं चालत निघालो. मी काही विचारलं नाही. औषधाच्या दुकानापाशी आलो.

मग म्हणाली, "मंगळवार होता."

"काय?"

"बुधवार वाचलंत. मंगळवार होता. आणि चादर नव्हती, उशीची खोळ होती. चादर त्यांनी बदलायला काढून नेली होती, सांगितलं होतं मी."

मी खिशातून पेन काढलं. वहीच्या मागच्या पानावर, चालता चालता, लिहून घेतलं. पुढच्या चौकात तिसरी दुरुस्ती आली, मफलर हिरवा होता. निळा नंतरचा. चौथी शेजारणीबद्दल होती, पाचवी पाळण्याबद्दल, तो डाव्या हाताला होता म्हणे, उजवा मी ऐकताना घातला. जिन्यात सात झाल्या. दाराशी मी वही मिटून कुलपाला किल्ली लावली.

"थांबा जरा," ती म्हणाली, "अजून आहेत."

मी किल्ली काढली आणि पायरीवर बसलो.